'द क्रुएल प्रिन्स' परीकथा आहे म्हणून 13 वर्षांच्या मुलीला द्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी 13 ची होतेय, वाढदिवसाला 'द क्रुएल प्रिन्स'चा तीन पुस्तकांचा सेट मागतेय, परीकथाच असेल तर या वयात बालिश नाही का, आणि नसेल तर काही भलतंसलतं तर नाही ना त्यात. मी ही सिरीज दोनदा वाचलीये, दुसऱ्यांदा खास भाचीला द्यायच्या आधी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो परी शब्द बाजूला ठेवा, सगळा घोटाळा तिथेच होतो. परी म्हटलं की आपल्याला पांढरा फ्रॉक, पंख आणि चांदणीची छडी दिसते. लेखिका होली ब्लॅकचे फेअरी तसले नाहीत. ते स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या जुन्या लोककथांतले आहेत, तिथे लोक त्यांना घाबरून असायचे, थेट नाव घ्यायचे नाहीत, 'भले शेजारी' असं काहीतरी गोड म्हणायचे म्हणजे कुणी ऐकलं तरी राग यायला नको. आपल्याकडे रात्री सापाला जनावर किंवा लांबडं म्हणतात ना, अगदी तसंच. मला तर वाचताना सारख्या आजीच्या साती आसरा आठवत होत्या. विहिरीजवळचे ते शेंदूर लावलेले सात दगड, त्यांची ओटी भरायची, हिरव्या बांगड्या ठेवायच्या, आणि तिन्हीसांजेला पाण्यावर एकटीने जायचं नाही. आजीला त्या चांगल्या की वाईट असा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यांचे नियम आहेत आणि ते पाळायचे, एवढंच. या पुस्तकातले फेअरी त्या जातीचे आहेत. त्यामुळे बालिश वाटेल ही काळजी तर सोडूनच द्या.

गोष्ट अशी की ज्यूड आणि टॅरिन या जुळ्या बहिणी आणि त्यांची मोठी बहीण विवी अमेरिकेत साध्या घरात वाढतायत, ज्यूड सात वर्षांची असताना मॅडॉक नावाचा फेअरी सेनापती दारात येतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आईबापांना तलवारीने मारतो. हे पहिल्या काही पानांतच आहे, म्हणून आधीच सांगते. मॅडॉक हा रेडकॅप, म्हणजे मारलेल्याच्या रक्तात टोपी बुडवून ती लाल ठेवणारा, हाही लेखिकेने मनाने रचलेला नाही, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या पडक्या किल्ल्यांच्या कथांमध्ये तो पूर्वीपासून आहे. विवी त्याची खरी मुलगी, तिची आई ती पोटात असताना स्वतःच्या मरणाचं खोटं नाटक करून त्याच्यापासून पळालेली असते. तो मुलीला न्यायला येतो आणि बाकीच्या दोघी बायकोच्या मुली म्हणजे आपली जबाबदारी असं म्हणून त्यांनाही एल्फहेमला, म्हणजे फेअरींच्या राज्यात, घेऊन जातो, आणि पुढे खरंच वाढवतो, शिकवतो, तलवार चालवायला शिकवतो, स्वतःच्या पद्धतीने जीवही लावतो.

माझ्या मते सिरीजचा जीव इथे आहे, त्या क्रूर राजपुत्रात नाही. ज्यूडला ज्याने अनाथ केलं तोच तिचा बाप आहे, ती त्याचा तिरस्कार करते आणि त्याने शाबासकी दिली की तिला आतून बरंही वाटतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. लेखिका ते कुठेही सोपं करून टाकत नाही. आणखी एक, विवीच्या अंगात फेअरी रक्त आहे आणि तिलाच तिथून निघून माणसांत राहायचंय, ज्या दोघींना तिथे कुणी आपलं म्हणत नाही त्या मात्र जीव तोडून तिथेच राहू बघतात. माझी मावसबहीण लहानपणापासून न्यू जर्सीत वाढली, तिने हे वाचून मला रात्री फोन केला होता की अगं हे शाळेतलं माझंच आहे, जेवणाच्या सुट्टीतलं. तेव्हा मला कळलं की पुस्तक एवढ्या मुलींना का लागतं.

दुसरी मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे नियम. फेअरींना खोटं बोलताच येत नाही. मग ते शब्द असे फिरवतात की प्रत्येक वाक्य खरं आणि ऐकणारा तरी फसलेला. माणसाकडे तिथे ताकद नाही, जादू नाही, आयुष्यही जेमतेम, पण खोटं बोलता येतं, आणि ज्यूड तेच हत्यार करून एका दुसऱ्याच राजपुत्राची हेर बनते. शिवाय बाकी बारीकसारीक तोडगे, जेवणात मीठ टाकायचं म्हणजे जेवणातली भूल चढत नाही, गळ्यात रोवन नावाच्या झाडाच्या वाळलेल्या फळांची माळ, वाट चुकवली जाऊ नये म्हणून मोजे उलटे घालायचे. मोज्यांचं वाचून मला आपला चकवा आठवला आणि मिठाचं वाचून मीठ-मोहऱ्या. विषाने मरू नये म्हणून ती रोज थोडं थोडं विष खायला लागते, तो भाग वाचताना माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला होता.

आता तुमची खरी काळजी. रक्तपात बराच आहे, आणि पहिल्या पुस्तकात राज्याभिषेकाच्या वेळी तर खूपच. वर्गातली मुलं ज्यूडला फार छळतात, एकदा तिला जबरदस्तीने ते फेअरी फळ खायला लावतात ज्याने माणसाचं भान सुटतं, आणि मग तिची चारचौघांत विटंबना करतात. तो प्रसंग मला सगळ्यात जड गेला. शरीरसंबंधाचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात येतात पण सविस्तर वर्णन नाही. मला त्यापेक्षा कार्डनची, त्या क्रूर राजपुत्राची, जास्त काळजी वाटते, म्हणजे जो मुलगा तिला छळतो त्याच्याच प्रेमात ती पडते. लेखिका त्याच्या घरचं दाखवते, तो बदलतोही, ज्यूड काही त्याच्यापुढे नमणारी नाही, हे सगळं खरं, तरी 13 व्या वर्षी एखादीला असं वाटू शकतं की मुलगा त्रास देतोय म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे. हे तिच्याशी बोला, पण पुस्तक हातात द्यायच्या आधी भाषण नको, ती अर्ध्यात आली की सहज विचारा तुला कार्डन कसा वाटतो म्हणून. माझी भाची तर म्हणाली मला तो अजिबात आवडत नाही, मला बॉम्ब आवडते. बॉम्ब ही हेरांच्या टोळीतली एक आहे, तुम्ही वाचाल तेव्हा कळेल.

हो, तुम्ही वाचा. पहिलं तरी आधी स्वतः वाचा, दोन-तीन रात्रींत होतं. मी भाचीला 14 व्या वर्षी दिलं, तुमची मुलगी आधीपासून असलं वाचत असेल तर 13 ही चालेल, भयाची स्वप्नं पडणारी असेल तर एक वर्ष थांबा.

सेट घ्यायची घाई मात्र नको, पहिलंच घ्या. 'द क्रुएल प्रिन्स' 2018 चं, 'द विकेड किंग' आणि 'द क्वीन ऑफ नथिंग' दोन्ही 2019 ची. दुसरं सगळ्यात घट्ट आहे, त्याचा शेवट वाचून मी तिसरं लगेच मागवलं होतं, आणि तिसरं मला घाईत गुंडाळल्यासारखं वाटलं, मॅडॉकचं तेवढं नीट झालंय. 2020 मध्ये कार्डनच्या गोष्टींचं एक छोटं सचित्र पुस्तक आलं, ते या तिन्हींच्या नंतरच वाचायचं. 2023 चं 'द स्टोलन एअर' आणि 2024 चं 'द प्रिझनर्स थ्रोन' ही ज्यूडच्या लहान भावाची, ओकची, तो तिथे 17 वर्षांचा झालाय, ती दोन मात्र अजून दोनेक वर्षांनी द्या, रेन नावाच्या मुलीचे त्यात फार हाल आहेत.