बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर टीमच गेली, राजीनामा देऊ का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की खासगी कंपनीत नऊ वर्षं झाली, मॅनेजर आहात, दीडशे माणसांचं ऑफिस, 26 आठवड्यांची रजा संपवून आलात तर टीम दुसऱ्याकडे गेलेली, रिपोर्टिंग कालपर्यंतच्या ज्युनियरकडे, रेटिंग सगळ्यात खालचं आणि कारण काय तर "सहा महिने अव्हेलेबल नव्हत्या", त्यामुळे इन्क्रिमेंट शून्य. आता एचआर गोड बोलून सुचवतंय की झेपत नसेल तर राजीनामा द्या, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देऊ. तुम्ही विचारताय सही करून मोकळी होऊ का.

नका करू. एकदा सही झाली की दबाव होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि तोंडी दबाव सिद्ध करणं किती अवघड असतं ते मी कोर्टात रोज बघतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यातच होतं की या रजेमुळे बाईला कामावरून काढता येत नाही आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलताही येत नाहीत. हेच आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आलंय, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. मॅनेजर म्हणून मला हे लागू नाही का, असं तुम्ही विचारलंत, तर इथे पद किंवा पगार बघत नाहीत. कामगार कोर्टाच्या बाकी वादांत मॅनेजर असणं आडवं येतं, या हक्कात नाही.

पण खरं सांगायचं तर सगळं सारखं भक्कम नाहीये. हुद्दा तोच, पगार तोच, फक्त टीम बदलली, तर कंपनी म्हणणार की कामाची वाटणी करायचा अधिकार आमचा, आणि त्यावर वाद होऊ शकतो. रेटिंगचं मात्र वेगळं आहे. कायदेशीर रजेचे महिने गैरहजेरी म्हणून धरले आणि त्यावरून पैसे कापले, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, माझ्या मते तुमचा सगळ्यात मजबूत कागद तोच.

म्हणून आधी एचआरला एक शांत मेल टाका, रागाचं एकही वाक्य नको. रजेवर कधी गेले, कधी रुजू झाले, आधी काय काम होतं आणि आता काय आहे, आणि शेवटी एवढंच की जेवढे महिने काम केलं तेवढ्यावरच रेटिंग धरावं आणि मी राजीनामा देणार नाहीये. जे तोंडी बोलतात त्याचंही त्याच दिवशी मेलवर लिहून ठेवा, "आज मीटिंगमध्ये आपण असं म्हणालात" एवढं पुरतं. अप्रेझलची पत्रं, पगाराच्या स्लिपा, रजेची मंजुरी घरी ठेवा, पण क्लायंटच्या फाइली स्वतःच्या मेलवर अजिबात पाठवू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच कारवाई करायला त्यांना निमित्त मिळेल.

पाळणाघराचं तुम्ही जाता जाता लिहिलंत पण ते किरकोळ नाहीये. 50 किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय करावीच लागते, दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, आणि बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन ब्रेक वेगळे. मेलमध्ये हेही मागा. घरून काम मात्र दोघांच्या संमतीवर आहे, त्याचा हट्ट चालणार नाही.

अंतर्गत तक्रार समितीकडे जाऊ का म्हणालात, तर ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते, तुम्ही लिहिलंय त्यात तसं काही दिसत नाही, तिथे वेळ घालवू नका. मेलला उत्तर नाही आलं तर कामगार खात्याकडे लेखी तक्रार करा. आणि उद्या खरंच काढून टाकलं तर पत्र मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करावं लागतं, तेव्हा पत्र हातात आलं की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.