सॅन फ्रान्सिस्को म्हणजे गोव्याचे सेंट झेवियर का?

प्रश्न : मुलगा-सून कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असतात. तिकडे गेले तेव्हा बघितलं, सॅन होजे, सॅन मटेओ, सॅन डिएगो, सगळीकडे सॅन नाहीतर सांता. संतांची नावं आहेत म्हणे. मग सॅन फ्रान्सिस्को म्हणजे आपल्या गोव्याचे सेंट फ्रान्सिस झेवियरच का? आणि एवढे संत एकाच भागात कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही ताई, हे फ्रान्सिस वेगळे. सॅन फ्रान्सिस्कोचे फ्रान्सिस इटलीतल्या असिसी गावचे, ते वारले १२२६ मध्ये, आणि झेवियर १५५२ मध्ये. जुन्या गोव्यात मात्र दोघांच्याही नावाची जागा आहे, बॉम जेझस चर्चमध्ये झेवियर यांचं शव आणि रस्ता ओलांडला की असिसीच्या फ्रान्सिस यांचं चर्च.

आता एवढे संत कसे, तर कॅलिफोर्नियावर तेव्हा स्पेनचा हक्क होता आणि १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइट पंथाच्या पाद्र्यांना आपल्या मुलखातून हाकललं (झेवियर जेझुइटच), मग त्यांच्या जागी फ्रान्सिस्कन आले, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिस यांच्या पंथाचे. हुनिपेरो सेरा यांनी १७६९ मध्ये सॅन डिएगोला मिशन काढलं आणि १८२३ पर्यंत अशी २१ मिशनं झाली, चर्च, शेती, गुरंढोरं, कारागिरी सगळं एकाच ठिकाणी. नावं बरीचशी आपल्याच परंपरेतली दिली. तुमच्या सुनेचं सांता क्लारा बघा ना, ही क्लारा असिसीचीच, फ्रान्सिस यांची शिष्या, घर सोडून त्यांच्या मार्गाला लागली आणि तिच्यापासून बायकांचा वेगळा पंथ सुरू झाला. गुरूच्या नावाचं मिशन १७७६ चं, शिष्येचं लगेच १७७७ चं, मला हे फार आवडतं.

सॅन फ्रान्सिस्को गावाचं नाव मात्र आधी येर्बा बुएना होतं, १८४७ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यानं ते बदललं, आपल्याकडे एदलाबादचं मुक्ताईनगर झालं तसंच. आणि काही नावं नुसती कॅलेंडर बघून पडलीत, सांता बार्बराच्या किनाऱ्याला १६०२ मध्ये स्पॅनिश जहाजं आली ती ४ डिसेंबरच्या, म्हणजे संत बार्बराच्या दिवसाच्या सुमारास.

पण एक सांगायलाच हवं, ही जमीन रिकामी नव्हती. सांता क्लारा, सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को हा सगळा ओलोनी या मूळ रहिवाशांचा भाग. एकदा बाप्तिस्मा झाला की त्यांना मिशन सोडून जायची मोकळीक नसायची, पळाले तर सैनिक पकडून आणायचे, फटके बसायचे, आणि युरोपातून आलेल्या रोगांनी माणसं भराभर गेली. म्हणूनच २०१५ मध्ये पोपनी सेरांना संत जाहीर केलं तेव्हा तिथल्या कितीतरी मूळ रहिवाशांनी कडाडून विरोध केला, आणि मला तो पटतो. ओलोनी लोक आजही त्याच भागात आहेत, आपली भाषा परत बोलती करायला धडपडतायत.

सांता क्लाराचं मिशन चर्च तिथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारातच आहे, जुनं जळल्यावर १९२८ मध्ये परत बांधलेलं. पुढच्या वेळी सुनेला घेऊन जरूर जा.