लाल शाईनं भरलेली बातमी घेऊन पुन्हा सरांकडे जा

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातली. मराठी विषय घेऊन बी.ए. केलं आणि यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. माझ्या बातम्या लाल शाईनं भरून परत येतात. माध्यम कायद्याचं पुस्तक इंग्रजीत आहे, ते डोक्यावरून जातं. वर्गातली मुलं फाडफाड बोलतात, मी गप्प बसते. पैशांचीही ओढाताण आहे. सोडून घरी यावं का?

उत्तर : सोडू नकोस. निदान पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत तरी हा विचार बाजूला ठेव.

तू पत्रासोबत पाठवलेली बातमी मी वाचली. पहिलंच वाक्य आहे : ‘गणेशोत्सवानिमित्त वसतिगृहात भव्य कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ सरांनी ‘भव्य’, ‘मोठ्या उत्साहात’ आणि ‘संपन्न’वर काट मारून समासात विचारलंय, ‘किती जणी? कोण बोललं? काय बोललं?’ आणि चौथ्या परिच्छेदात तूच लिहिलंयस की, मुलींनी अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची मागणी केली. अगं, तीच तर बातमी आहे! ती पहिल्या ओळीत हवी होती. जी मुलगी ही मागणी टिपून आणते, तिला बातमी दिसते. मांडणी शिकवणं हे शिक्षकांचं काम, आणि इतक्या बारकाईनं तपासणारे शिक्षक सगळ्यांना मिळत नाहीत. तेव्हा बातमी पुन्हा लिही, दोन्ही प्रती घेऊन त्यांच्याकडे जा आणि ‘मला जमत नाही’ असं मोघम न सांगता ‘हा मुद्दा वर घेतला, आता शीर्षक बरोबर आहे का?’ असं नेमकं विचार. दर आठवड्याला एक बातमी अशी तपासून घेतलीस, तरी सत्र संपेपर्यंत तुझ्या लिखाणात फरक दिसेल. वृत्तपत्रांतून शिकवायला येणारे पत्रकार तासानंतर लगेच निघतात. त्यांची वेळ आधी मागून ठेव.

कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी मूळ कायदा मराठीत वाच. भारताचं संविधान आणि माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 ही दोन्ही मराठीत उपलब्ध आहेत. कलम 19(1)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतं आणि 19(2) त्यावर निर्बंध घालण्याची आठ कारणं सांगतं. ती आठ कारणं मराठीत पक्की झाली की इंग्रजी प्रकरण निम्म्याहून अधिक ओळखीचं वाटेल. एक जपून कर : जुन्या पुस्तकांत आणि सीनिअर्सच्या नोट्समध्ये बदनामीसाठी भारतीय दंड संहितेची 499 आणि 500 ही कलमं असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागू आहे. परीक्षेत आणि पुढे बातमीतही हे चुकायला नको. सवड मिळाली की दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज स्वतः करून बघ. त्या अभ्यासिकेच्याच वेळेबद्दल कर ना!

विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन ग्रंथपालांना विषय सांग आणि विद्यापीठानं घेतलेली ई-नियतकालिकं कशी वापरायची, हे त्यांच्याकडूनच समजून घे. विद्यार्थ्याला वाट दाखवणं हे त्यांचं रोजचं काम आहे, संकोच नको. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर पत्रकारितेवरचे मराठी प्रबंध मोफत वाचायला मिळतात. त्यातल्या संदर्भसूचीवरून पुढची पुस्तकं शोध. बोलण्याची भीती घालवायला विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’ रेडिओवर काही करता येईल का, ते विचार. माईकसमोर एकटीनं वाचायचं असतं, त्यामुळे वर्गापेक्षा तिथे सोपं जातं.

आता पैशांचं. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. ग्रंथालयात किंवा विभागात तासांवर काम मिळतं. मिळालं तर ग्रंथालयातलंच माग. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचा असतो. तू अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात असशील आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल, तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या स्वाधार योजनेचीही चौकशी कर. अर्ज बहुतेक कागदांपाशी अडतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवायला वडिलांना आजच फोन कर.