डॉक्टरची चिठ्ठी, दवाखान्यातून सुट्टी झाल्याचा कागद सगळं इंग्रजीत असते, खेड्यातल्या माणसानं काय करावं?

आमच्या यवतमाळकडं हे रोजचंच आहे बाप्पा. माह्या मामाच्या चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीपुढं एसओएस लिहिलं होतं, म्हणजे लागली तरच घ्या, पण मामानं ती दिवसातून तीनदा महिनाभर खाल्ली अन् मग पोटात आग पडली तेव्हा कुठं कळलं. चूक मामाची नाही, समजावून कोणी सांगितलंच नाही न.

एवढं पाठ करून ठेवा, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. मेडिकलवाल्याकडून सकाळ-दुपार-रात्र अन् जेवणाआधी का नंतर हे पाकिटावर मराठीतच लिहून घ्या, लाजू नका. सुट्टीच्या कागदावर पुन्हा कधी यायचं ते तिथंच सिस्टरला विचारा, घरी आल्यावर कोण वाचते? आशाताईला दाखवलं तरी चालते. अन् १०४ हा सरकारी आरोग्य सल्ल्याचा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

नातवाच्या मोबाईलवर फोटो काढून भाषांतर करता येते म्हणा, पण डॉक्टरच्या अक्षरापुढं मोबाईलही हात टेकते, छापील रिपोर्ट असंल तरच करा.