डबा स्वस्त की धुणं स्वस्त?

प्रश्न : महागडी धुण्याची पावडर खरंच जास्त चांगली असते का? घरच्या घरी कसं तपासायचं?

जुनी पांढरी सुती चादर घ्या, तिचे सारखे तुकडे करा. प्रत्येकावर चहा, तेल आणि चिखलाचे मोजून सारखे डाग पाडा आणि रात्रभर वाळू द्या. मग एकेका पावडरीचं डब्यावर सांगितलेलं माप घेऊन, तितक्याच गरम पाण्यात, तितकाच वेळ धुवा. एक तुकडा मात्र नुसत्या पाण्यात. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी गंमत तिथेच असते : चिखल बराचसा पाण्यानेच निघतो, श्रेय पावडर खाते. तुकड्यांना मागून खुणा करा आणि निवाडा दुसऱ्या कुणाला करू द्या. ज्याचे जास्त पैसे मोजले त्याच्याकडे आपलं मन झुकतंच, माझंही झुकतं. शेवटी किलोचा भाव बघू नका, एका धुण्याचा काढा. निम्म्या भावाची पावडर ३० ग्रॅमऐवजी ६० ग्रॅम लागत असेल, तर वाचलं काय?

प्रश्न : पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलंय. फोनची बॅटरी ५,००० ची, तरी दोनदा भरत नाही. फसलो का?

बहुधा नाही. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, विजेच्या साठ्याचं माप. तो आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टला धरलेला. म्हणजे ३७ वॉट-तास इतकी ऊर्जा. बाहेर ५ व्होल्टने देताना त्याचे फार तर ७,४०० एमएएच होतात. शिवाय पॉवर बँक आणि फोन दोन्ही गरम होतात, त्यातही थोडी ऊर्जा जाते. दीडच्या आसपास वेळा भरला तर माल ठीक. नवी असून एकदाही पुरता भरत नसेल, तर परत करा. तुलना नेहमी वॉट-तासांत करावी.

प्रश्न : भिंतीवरच्या घड्याळात रिचार्जेबल सेल घालावेत का?

नको. घड्याळ इतकी कमी वीज खातं की साधा सेलही महिनोन् महिने पुरतो. रिचार्जेबल सेलचे पैसे वसूल होतात ते रोजच्या खेळण्यांत.

प्रश्न : परीक्षणांवर कितपत विसंबावं?

आधी वस्तू कुणाच्या पैशाने आली ते पाहा. अमेरिकेतली, १९३६ साली सुरू झालेली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था दुकानातून स्वतः विकत घेऊन वस्तू तपासते. आणि आठवडाभर वापरून ‘टिकाऊ’ म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य मी वाचत नाही.