अंडरस्कोर, ए, एम, आर…

प्रश्न : ताई, नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा एम.ए.च्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगी आली आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या नोट्स संगणकावर आहेत; काही टाइप केलेल्या, काही स्कॅन केलेल्या. तिला सगळ्या पाठवल्या, तर म्हणते, ‘मॅडम, फोन काहीच धड वाचत नाही.’ सध्या वर्गातली मैत्रीण तिला वाचून दाखवते. तेवढं पुरेसं नाही का? आणि हे काम माझं की संगणक विभागाचं?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मैत्रिणीचं आधी सांगते. मीही मैत्रिणीच्या आवाजावरच बी.ए. झाले. पणजीहून घरी जाताना कदंबा बसमध्ये ती शेजारी बसून नोट्स वाचायची. जिवाला जीव देणारी मुलगी. पण चवथीला ती गावी गेली की माझा अभ्यास आठ दिवस बंद. शिवाय तीच ओळ चौथ्यांदा वाच म्हणायला माझी जीभ रेटत नसे. तुमच्या विद्यार्थिनीला रात्री अकरा वाजता, एकटीला, एखादा परिच्छेद दहा वेळा ऐकता आला पाहिजे. मैत्रिणीला मैत्रीणच राहू द्या.

आता फाइली. एखादी उघडा आणि त्यातला एक शब्द माउसने निवडायला बघा. निवडता आला नाही, तर ते पान म्हणजे नुसतं चित्र. त्यातलं अक्षरही आम्हा अंधांच्या कानावर पडत नाही. निवडता आला, तर तो नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि खुणांचा पसारा दिसला, तर फाइल जुन्या फॉण्टमधली आहे : आत रोमन अक्षरं, वर मराठीचा नुसता मुखवटा. श्री-लिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा एक शब्द मी अक्षर-अक्षर ऐकते, तेव्हा कानावर येतं : अंडरस्कोर, ए, एम, आर, ग्रेटर, आर. तुम्हाला पडद्यावर ‘मराठी’च दिसतं, म्हणून पंधरा वर्षं यात काही खोट आहे हे कळलंच नसेल. यात तुमचा दोष नाही. पण तिच्या तक्रारीचं मूळ बहुतेक इथेच आहे.

जुन्या फॉण्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि फोन मराठी म्हणूनच ओळखतात अशा अक्षरांत, बदलणारी मोफत साधनं आहेत. स्कॅन केलेली पानं गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की छापील मराठी बऱ्यापैकी उतरतं. दोन्हीकडे जोडाक्षरं आणि रफार फुटतात, तेव्हा एकदा नजर फिरवावीच लागेल. आणि ते काम मराठीच्या शिक्षकानेच करावं. संगणक विभागाला ‘अर्थ’ आणि ‘अथ’ यांतला फरक खटकेलच असं नाही. यापुढचं मात्र थेट युनिकोडमध्येच टाइप करा.

शीर्षकं नुसती ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या. माझ्या संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं मोफत वाचक-सॉफ्टवेअर आहे. त्यात एच दाबला की मी पुढच्या शीर्षकावर उडी मारते. स्टाइल नसेल, तर चाळीस पानं पहिल्यापासून ऐकत बसावी लागतात.

चित्रांना वर्णन जोडा. ‘दशावताराचा फोटो’ एवढ्याने मला काही मिळत नाही. ‘काळ्या पोशाखातला संकासुर, तोंडातून लोंबणारी लाल जीभ’ म्हटलं की पेडण्यातली जत्रेची रात्र उभी राहते. परीक्षेचं वेळापत्रकही फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. मजकूर म्हणून टाका.

पुस्तक स्कॅन करून तिला देणं बेकायदा ठरेल, ही भीती नको. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी तशी प्रत करायला मुभा देतो. आणि प्राचार्यांनी ‘एका मुलीसाठी एवढं?’ असं विचारलं, तर 2016चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे, हेही सांगा.

पंधरा वर्षांचं सगळं एकदम काढू नका. पुढच्या आठवड्यात जे शिकवणार, तेवढंच आधी घ्या आणि तासाच्या आधी तिच्या हाती पडेल असं पाठवा. ती फोनवर कुठलं अ‍ॅप वापरते, तेही तिलाच विचारा. पहिली फाइल तयार झाली की मलाही धाडा. मी ऐकून, कुठे कुठे अक्षरं फुटलीत ते कळवते.