पीटीएच वाढलंय, मग कॅल्शियम नॉर्मल कसं?

प्रश्न : माझे यजमान (वय ५८) आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. यावेळी पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) ८१२ आलं. लॅबच्या कागदावर नॉर्मल १५ ते ६५ लिहिलंय. फॉस्फरस ७.२, पण कॅल्शियम ९.१, म्हणजे नॉर्मल. अंगाला खाज सुटते, पाठ आणि गुडघे दुखतात. नणंद म्हणते, दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या वाढवा. जेवताना फॉस्फरसवरच्या मोठ्या गोळ्या घेतल्या की जेवण जात नाही, म्हणून तिन्ही गोळ्या ते रात्री झोपताना एकदम घेतात. गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, ऑपरेशनचं नंतर बघू. आधी त्या झोपतानाच्या गोळ्या. ही गोळी रक्तातला फॉस्फरस थेट कमी करत नाही. ती आतड्यात, अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. दहा वाजता रिकाम्या पोटी घेतली तर धरायला काही नसतंच. पैसे मात्र जातात, आणि ही गोळी स्वस्तही नाही! ती जेवतानाच, दोन घास झाल्यावर घ्यायची. सकाळी नुसता चहा-खारी असेल आणि दुपारी मटण, तर दुपारी जास्त गोळ्या लागतात. ही वाटणी डॉक्टरांकडून लिहून घ्या. गिळवत नसेल तर पावडर किंवा चावून खायची गोळी मिळते. आहे ती गोळी मनाने कुटून देऊ नका.

आता कॅल्शियम. किडनी ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देते. ती थकली की ते घटतं आणि आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट उचलत नाहीत. शिवाय फॉस्फरस साचतो. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. त्या हे ओळखतात आणि पीटीएच सोडत राहतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधलं ९.१ हे हाडांची एफडी मोडून आलेलं असू शकतं. वर, हाडांतून कॅल्शियमसोबत फॉस्फरसही सुटतो. धडधाकट किडनी तो लघवीतून टाकते. यांच्याकडे तो रक्तातच राहतो आणि ग्रंथींना पुन्हा चिथावतो.

म्हणून नणंदबाईंचा सल्ला नको. एका पेलाभर दुधात २०० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस असतो. चार तासांच्या डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम निघतो आणि जवळपास तेवढाच रोजच्या जेवणातून येतो. येतो सात दिवस, निघतो तीन दिवस. जास्तीचं कॅल्शियम हाडांत जाईलच असं नाही, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसू शकतं. डाळ मात्र बंद करू नका. डायलिसिसवर प्रथिनं लागतात, आणि डाळीतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपासच शोषला जातो. प्रोसेस्ड चीज, कोला, पाकिटबंद मांस यांत वरून घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा अंगात जातो. काटछाट तिथे करा. सुकट-बोंबीलही आवरा.

लॅबचं १५ ते ६५ यजमानांना लागू नाही. डायलिसिसवर वरच्या मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट पीटीएच चालतं, म्हणजे तुमच्या लॅबप्रमाणे १३० ते ५८५. फार खाली आणलं तर हाडांची झीज-भर दोन्ही थंडावते, तेही वाईट. ८१२ जास्त आहे, पण एका आकड्यावर मी निर्णय घेत नाही. मागचे दोन-तीन रिपोर्ट आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची झीज-भर सांगणारी रक्ततपासणी) शेजारी ठेवून बघावं लागतं.

ड जीवनसत्त्वाचं तयार रूप, कॅल्सिट्रिऑल, पीटीएच उतरवतं, पण फॉस्फरस आणि कॅल्शियम दोन्ही चढवतं. ७.२ फॉस्फरस असताना तुमच्या डॉक्टरांनी ते थांबवून ठेवलं असेल तर योग्यच केलं. सिनाकॅल्सेट, म्हणजे त्या ग्रंथींनाच आवरणारी गोळी, हा दुसरा पर्याय. त्यात मळमळ होते आणि कॅल्शियम उतरतं, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. हे सगळं करूनही पीटीएच चढतच राहिलं तर त्या ग्रंथी काढायचं ऑपरेशन. नंतर हाडं भुकेल्यासारखी कॅल्शियम ओढतात, त्यामुळे काही दिवस रुग्णालयात राहून शिरेतून कॅल्शियम घ्यावं लागतं. तुमच्याकडे ती वेळ आलेली दिसत नाही; गोळ्या अजून जेवणाबरोबर घेऊनच कुठे पाहिल्यात?

खाजेला फॉस्फरस हे एकच कारण नसतं. कोरडी त्वचा आणि अपुरं डायलिसिसही असतं. पुढच्या वेळी तंत्रज्ञांना विचारा, यजमान पूर्ण चार तास बसतात की अर्धा तास आधीच उठतात.